लाइपझिगमध्ये आधी पत्ता, मग संसार

जर्मनीत नव्याने येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती पत्त्याची. 2023 साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून लाइपझिगला आलो, तेव्हा व्हिसा, तिकिटं, विमा यांत बचत बरीचशी संपली होती आणि पहिला पगार व्हायला महिना होता. तरी पैशांपेक्षा जास्त घोर लावला तो पत्त्याने.

सुरुवातीला जी खोली मिळाली तिथे सामानसुमान सगळं होतं, पण ‘आनमेल्डुंग करून देणार नाही’ असं मालकाने बजावलं होतं. आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे, आणि घरमालकाच्या सहीचं पत्र असल्याशिवाय ती होत नाही. टॅक्सचा नंबर याच पत्त्यावर टपालाने येतो. तो कंपनीकडे पोहोचला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जबर कर कापला जाऊ शकतो. जास्तीचा कापलेला पुढे परत मिळतो हो, पण नव्या माणसाला पैसे लागतात ते त्याच महिन्यात.

म्हणून घराची शोधाशोध लगेच सुरू केली. घरमालक मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात आणि शुफा या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा अहवाल बघतात. उधारी, बिलं वेळेवर फेडणारा माणूस आहे की नाही, ते त्यावरून कळतं. आमचं तिथे काहीच नव्हतं. मग नोकरीचा करार जोडला आणि आम्ही कोण, काय करतो याचं एक पानभर पत्र जर्मनमध्ये लिहिलं. शेवटी घर लागलं ते ग्र्युनाऊमध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात बांधलेल्या काँक्रीटच्या उंच इमारतींच्या वस्तीत. तिकडे राहायला लोक नाकं मुरडतात. मला ती वस्ती आवडते. झाडं भरपूर, ट्रॅम दाराशी, भाडं आवाक्यात.

डिपॉझिट मात्र तीन महिन्यांच्या भाड्याएवढं, तेही एकरकमी मागितलं. इथल्या नागरी कायद्याच्या कलम 551 प्रमाणे भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत देता येतं. मी ई-मेलमध्ये कलमाचा आकडा घालून नम्रपणे विचारलं, आणि उलट टपाली होकार आला. आम्ही तरलो ते या एका कलमामुळे. हे घर बघतानाच माहीत असायला हवं.

किल्ली मिळाली त्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर आमची दोघांची आडनावं चिकटवली. इथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर टॅक्सचं पत्र आल्या पावली परत जातं.

घरात सिंक तेवढं होतं. ओटा नाही, शेगडी नाही, दिव्यांच्या जागी छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. पण जर्मन लोक घर बदलताना चांगल्या वस्तू फुकट देऊन टाकतात. तशा जाहिराती ऑनलाइन असतात, शिवाय ‘त्सू फेरशेंकेन’, म्हणजे ‘फुकट द्यायचं आहे’, असं लिहिलेली खोकी फुटपाथवर ठेवलेली दिसतात. एका आजींकडून घडीचं टेबल आणि साध्या प्लगवर चालणारी दोन प्लेटांची शेगडी मिळाली. टेबलाचे सुटे स्क्रू त्यांनी कागदात बांधून खालच्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवले होते, आणि त्या कागदावर कुठला स्क्रू कुठे तेही लिहिलं होतं. टेबल आम्ही ट्रॅममधूनच घरी आणलं. त्या शेगडीवर माझ्या पोळ्या व्हायला लागल्या. आशियाई दुकानातली कणीक महाग पडायची, मग सुपरमार्केटमधलं 1050 नंबरचं गव्हाचं पीठ वापरून पाहिलं. पोळी जरा तांबूस होते, चवीला छान लागते.

टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र दोघांच्याही नावाने आलं. ही वर्गणी घरटी एकच, महिना 18.36 युरो. एकाने भरायची आणि दुसऱ्याने भरणाऱ्याचा वर्गणी क्रमांक कळवून मोकळं व्हायचं.

दरम्यान मी इंटिग्रेशन कोर्सला, म्हणजे बाहेरून आलेल्यांना भाषा आणि इथल्या जीवनाची माहिती शिकवणाऱ्या सरकारी वर्गाला, नाव घातलं. तेव्हा दोन वर्षांच्या आत या दोन्हींच्या परीक्षा पास झालं की भरलेल्या फीचा अर्धा भाग अर्ज करून परत मिळायचा. तो मिळाल्यावर ओव्हनसकट चार प्लेटांची शेगडी घेतली. ती थ्री-फेजवर चालते, त्यामुळे जोडायला इलेक्ट्रिशियनच बोलवावा लागतो. त्याचे पैसे हिशोबात आधीच धरून ठेवा.