घाणेरी छाटू नका, मुळापासून काढून उलटी ठेवा

टेकडीवरची घाणेरी (काही भागांत टणटणी), म्हणजे स्थानिक झाडोऱ्याची जागा व्यापणारे परदेशी झुडूप, आम्हीही सुरुवातीला कोयत्याने छाटत होतो. पुढच्या पावसाळ्यात एका खोडाच्या जागी सात-आठ धुमारे उभे. जाळली तरी तेच. खोड आणि मूळ जिथे जुळतात, तिथे जमिनीलगत एक जाड गाठ असते. फुटवे तिच्यातूनच येतात. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी सहकाऱ्यांसह उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत याच गाठीवर बेतलेली आहे आणि आता आम्ही तीच वापरतो.

आधी परवानगी. वनखात्याच्या जमिनीवर तण काढायलाही ती लेखी लागते. अर्जात जागेचा नकाशा, तारखा, माणसे, अवजारे आणि काढलेली झुडपे कुठे ठेवणार ते लिहावे.

दोघांची जोडी करावी. एकाने आकडीने फांद्या वर ओढून धरायच्या, दुसऱ्याने अरुंद पात्याच्या कुदळीने जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर सोटमूळ तोडायचे. घाव वरच्यावर बसला तर गाठ मातीत राहते आणि सगळी मेहनत फुकट जाते. तुटलेल्या बुंध्याला गाठ आली आहे का, हे प्रत्येक वेळी हाताने चाचपून बघा. खोडावर बारीक काटे असतात, म्हणून चामडी हातमोजे हवेत; सुती मोज्यांतून ते आत जातात. हात घालण्याआधी काठीने जाळी हलवायची, कारण खाली फुरसे असू शकते. बुलबुलाचे घरटे दिसले तर ती जाळी पिल्ले उडेपर्यंत तशीच ठेवायची. धायटी आणि करवंद याच गुंत्यात वाढतात, त्यांना आधी रंगीत चिंधी बांधावी. घाईत तीच तोडली जातात.

काढलेले झुडूप मुळे वर करून खडकावर किंवा दुसऱ्या झुडपावर ठेवायचे. ओल्या मातीत आडवे टाकले तर पेरांना मुळे फुटतात. ही चूक नवखे हमखास करतात.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की माती सुटते, तेव्हा काम सोपे जाते. फळे काळी-जांभळी झाली असतील तर आधी घोस खुडून पोत्यात भरा, नाहीतर झुडूप ओढताना बी सगळीकडे सांडते. सगळा उतार एकदम मोकळा करू नये, माती वाहून जाते. उताराला आडवे पट्टे घ्यावेत.

खरे काम पुढच्या पावसाळ्यांत असते. बुलबुल आणि साळुंक्या बसतात त्या झाडांखाली रोपांचा गालिचा उगवतो. बोटभर असताना ती ओल्या मातीतून सहज उपटतात, पण गुडघाभर झाली की पुन्हा कुदळ लागते. म्हणून जुलै आणि सप्टेंबर अशा दोन फेऱ्या, निदान दोन वर्षे, आधीच ठरवून ठेवाव्यात. मोकळ्या पट्ट्यात त्याच टेकडीवरच्या मारवेल आणि पवन्या गवताचे बी टाकावे. ते पावसाळा संपल्यावर गोळा करून कोरडे ठेवलेले असले पाहिजे, कारण जूनमध्ये शोधायला गेलात तर मिळत नाही.