साताऱ्याच्या हवेत फ्युशिया टिकवायचा तर

मे महिन्यात महाबळेश्वरला गेलेली माणसं फ्युशियाची, म्हणजे झुमक्यांसारख्या लोंबत्या फुलांच्या झाडाची, भरगच्च फुललेली कुंडी घेऊन खाली साताऱ्याला किंवा सांगलीला येतात आणि आठवड्याभरात झाड माना टाकतं. मग त्याला दिवसातून दोनदा पाणी सुरू होतं आणि ते पुरतं मरतं. ह्या झाडाला मारणारं मुख्य कारण तहान नाही, तापलेली मुळं आहेत.

फ्युशियाच्या बहुतेक जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरउतारांवरच्या. दिवसा वीस-पंचवीस अंश, रात्री गारवा, हवेत ओल, पायाशी पानांचा कुजलेला थर, अशा जागेत वाढलेलं हे झाड. तापमान ३० अंशांच्या वर राहू लागलं की ते फुलणं थांबवतं, कळ्या गाळतं. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटरवर आहे, तिथे ते खूश असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ३८-३९ला टेकतो आणि रात्रीही तिथल्यासारखा गारवा नसतो.

दुसरी अडचण फारसं कुणी सांगत नाही. टपोऱ्या, दुहेरी पाकळ्यांच्या बऱ्याच संकरित जातींना कळी धरायला बारा तासांहून मोठा दिवस लागतो. आपला डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे हवा छान असते तेव्हा दिवस लहान आणि दिवस मोठा होतो तेव्हा ऊन. म्हणून खाली मैदानात ट्रायफिला गटातली झाडं घ्यावीत. लांब नळीसारखी केशरी-लाल फुलं, गडद पानं, पानांची मागची बाजू जांभळट. ‘गार्टनमाइस्टर बॉन्स्टेट’ ही त्यातली जुनी, खात्रीची जात. दिवसाच्या लांबीचं तिला फारसं काही नसतं आणि ऊनही ती इतरांपेक्षा बरं सोसते. दुहेरी झुमक्यांचा हट्ट पाचगणी-महाबळेश्वरकरांनी करावा.

रोप ऑक्टोबरमध्ये आणा, परतीचा पाऊस सरल्यावर. आठ इंची मातीची कुंडी घ्या. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते, ती नकोच. मिश्रणात दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पोयटा, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत, एक भाग परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू. कऱ्हाड-सांगलीकडची काळी माती घालू नका, ती पाणी धरून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. जागा पूर्वेची. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन, पुढे सावली.

फूल येतं ते नव्या फुटीवर, त्यामुळे शेंडे खुडणं टाळून चालत नाही. फांदीला पानांच्या तीन जोड्या झाल्या की शेंडा नखाने खुडा. दोन फुटवे येतात, त्यांचेही तसेच खुडा. शेवटची खुडणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आटोपली, तर पुढे काही आठवड्यांनी फुलं येतात. गळलेल्या फुलामागे राहणारं लांबट फळही काढून टाका. ते पिकू दिलं तर झाडाचा जोर बियांकडे जातो.

खताला कृषी सेवा केंद्रात जा. द्राक्षवाल्यांमुळे विद्राव्य खतं आपल्याकडे गावोगाव मिळतात. वाढीच्या काळात १९:१९:१९ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्केवारीचे) आणि कळी दिसल्यावर १३:००:४५, लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा. खत नेहमी ओल्या मातीतच द्या. बोअरचं पाणी जड असेल तर नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) द्यावं, शक्य असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी घालावं.

आता माना टाकण्याबद्दल. दुपारी पानं लोंबली की आधी बोट दोन इंच मातीत घाला. माती ओली असेल तर पाणी अजिबात नको. कुंडी सावलीत सरकवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि संध्याकाळी पुन्हा पाहा. पानं सावरली असतील तर झाड ठीक आहे. सकाळीही तशीच लोंबत असतील, तर कुंडी उलटी करून मुळांचा गड्डा बाहेर काढा. पांढरी, ताठ मुळं असली तर आशा आहे. तपकिरी, चिमटीत धरल्यावर साल सुटून हातात येणारी आणि कुबट वास मारणारी असली तर मूळकूज झाली. मग वरच्या हिरव्या फांद्या छाट लावून नवी रोपं करायला वाचवा, बाकीचं टाकून द्या.

किडींत पांढरी माशी आणि उन्हाळ्यात लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड). पानाची मागची बाजू बघत राहा. लिटरला पाच मिली नीमतेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, मागून फवारायचं. कोळ्याला कोरडी हवा लागते, म्हणून जमिनीवर पाणी शिंपडत राहिल्याने तो आटोक्यात राहतो. घाटमाथ्यावर पावसाळ्यात धुक्याने करडी बुरशी येते. तिथे झाड छपराखाली घ्या, कुंड्यांत अंतर ठेवा आणि सडकी फुलं रोज वेचा.

मार्चच्या मध्याला झाड निम्म्यावर छाटा, खत बंद करा आणि उत्तरेच्या भिंतीलगत ५० टक्के शेडनेटखाली ठेवा. मेअखेरपर्यंत त्याने फक्त जगायचं आहे, फुलांची अपेक्षा नको.

तरी काही झाडं जातातच, म्हणून फेब्रुवारीत छाट लावून ठेवा. कळी नसलेला, तीन जोड्या पानांचा कोवळा शेंडा पेराखाली कापा, खालची पानं काढा आणि निम्मं कोकोपीट, निम्मं परलाइट भरलेल्या पेल्यात खोचा. वर पारदर्शक पिशवी. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. असली चार इंची रोपं एप्रिल-मेमध्ये घरातल्या गार, उजेडाच्या खिडकीत सहज मावतात.