तुम्ही टिकली का लावत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ सरकारचं परिपत्रक निघालं. तेव्हापासून दर संक्रांतीला कोणीतरी विचारतंच, "बाई, आता तुम्हाला कोण अडवतंय? तुम्ही तर शाळेत फुल्यांवर भाषणं करायचात."

करायचे. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी १८९० मध्ये विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, ते तर रंगवून सांगायचे. आणि अडवत कोणीच नाही. तेव्हाही नव्हतं.

२००९. हे गेले त्या दुपारी मला परसात पाटावर बसवलं. चुलत सासूबाई, स्वतः विधवा, वरवंटा घेऊन आल्या. एरवी आमच्याकडे बांगडी फुटली म्हणायची सोय नव्हती, 'वाढवली' म्हणायचं. त्या दिवशी मात्र सरळ 'फोडा'. सासूबाईच मध्ये पडल्या, "शिकलेली आहे ती, तिला विचारा तरी." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एक 'नको' पुरलं असतं. मी दोन्ही हात पुढे केले. डाव्या हातातली शेवटची बांगडी काही केल्या फुटेना, चुलत सासूबाईंचा हात थरथरायला लागला. तेव्हा मीच मनगट दगडी पायरीवर आपटलं. काच घुसली, रक्त आलं आणि बरं वाटलं. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

माझ्यातली भाषण करणारी बाई म्हणते, हीच तर रूढीची करामत, वरवंट्याचीही गरज उरत नाही. मी तिला विचारते, मग त्या दुपारी दुःख कुठे ठेवायचं, याची दुसरी जागा तुझ्या भाषणांत होती का? ती गप्प बसते. पटलेलं नसतं तिला. खरं तर मलाही.

टिकलीचं विचाराल तर, आज लावली तर ती शेवटची बांगडी उगीच फोडली असं ठरेल. एवढंच. हे कारण लंगडं आहे, माहीत आहे मला.

गेल्या वर्षी धाकटे दीर गेले. या वेळी मी बायकांच्या आडवी उभी राहिले. ठराव, परिपत्रक, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलंही. जावेचे हात मी घट्ट धरून ठेवले होते.

ती म्हणाली, "वहिनी, दादांसाठी तुम्ही फोडल्यात. मग ह्यांच्यासाठी का नको?"

मी हात सोडले.