टायरच्या शेकेलवरचा घाव

वजन ११.९२ ग्रॅम. खरं तर शंका तिथेच यायला हवी होती. टायर म्हणजे आजच्या लेबनॉनमधलं जुनं फिनिशियन बंदर. तिथल्या इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या शेकेलचं, म्हणजे चांदीच्या नाण्याचं, वजन साडेतेराच्या आसपास भरतं. पण नाण्यासोबत एक्सआरएफचा, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्राचा, कागद होता, ‘चांदी ९६ टक्के’, आणि असा आकडा दिसला की आमच्याकडची मंडळी तराजूकडे बघायचंच सोडतात. ते यंत्र फक्त वरची कातडी वाचतं, हे कितीदा सांगायचं!

ठसा झकास. पुढे पंखांच्या समुद्री घोड्यावर बसलेला देव, खाली लाटा आणि डॉल्फिन. मागे घुबड, पाठीशी इजिप्शियन आकडी नि कोरडा (चाबूक). नाणं नायलॉनच्या धाग्याला बांधून डिस्टिल्ड वॉटरमध्ये टांगलं. पाण्यात साबणाचा एक थेंब लागतोच, नाहीतर पिसांच्या खाचांत बुडबुडे अडकतात. पाण्यात वजनाची घट १.३० ग्रॅम, म्हणजे घनता ९.१७. चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. तरी गंजून पोकळ झालेली चांदीही हलकी भरते. एवढ्यावर सही करता येत नाही.

निकाल लागला तो काठावरच्या घावात. छिन्नीचा दीड मिलिमीटर खोल छेद, कोपऱ्यात चांदीच्या क्लोराइडचा राखाडी थर जमलेला, म्हणजे घाव जुना. वीसपट मोठं करून पाहिलं तर चांदीचा पत्रा छिन्नीबरोबर आत ओढला गेलाय आणि तळाशी केसाएवढी लाल रेघ. अशी खोटी नाणी करायची रीत म्हणजे तांब्याच्या चकतीवर पत्रा गुंडाळून तापवायची. चांदी ९६२ अंशांना वितळते, पण तांब्याला टेकलेली चांदी ७८० च्या सुमारासच पातळ होते आणि जोड बसतो. मग ठसा मारायचा. आकार अस्सल नाण्याएवढा, पण आत हलकं तांबं, म्हणून वजन दीड ग्रॅमने कमी.

फिनिशियन व्यापाऱ्यांना चांदी वजनावर घ्यायची सवय नाण्यांच्या कितीतरी शतकं आधीची. इस्रायलच्या किनाऱ्यावरच्या तेल दोर या उत्खननस्थळी एकाच भांड्यात १७ पुडक्यांत चांदीचे साडेआठ किलो तुकडे निघाले. असा माणूस तराजूवर फसला कसा? की सुट्या नाण्याऐवजी ढीगच तोलला? अथेन्सचा इ.स.पू. ३७५चा कायदा सांगतो, आत तांबं निघालं की तिथल्या तिथे आरपार कापा. हा छेद मात्र अर्ध्यावरच थांबलाय. पत्रा आत ओढला गेल्याने घाव घालणाऱ्याला पांढरंच दिसलं, की लाल दिसूनही त्याने ते पुढे खपवलं?

त्या रेघेचा फोटो मी नोंदीला जोडलाय. रकान्यात ‘मुलामा’ लिहिलं. ‘चलनात होतं का?’ हा रकाना अजून कोरा आहे.