कोपीला दार नसतंय

दिवाळी झाली की आमचा चौथीचा वर्ग निम्मा होतो. बीड जिल्ह्यातलं गाव. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, निघाले की बरीच पोरंही जातात. काही आजीपाशी, काही हंगामी वसतिगृहात राहतात. गेलेली परततात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या आसपास. हा तास त्याच दिवसांतला.

ऊसतोडीला गेलेल्या मुलीची गोष्ट घेतली होती, साधारण सहाशे शब्दांची. एवढी गोष्ट मोठ्याने वाचायला सात-आठ मिनिटं लागतात. थांबायच्या दोनच जागा आदल्या दिवशी पेन्सिलीने खुणावून ठेवतो. पानागणिक प्रश्न विचारले की गोष्टीचा धडा होतो.

पहिल्याच खुणेपाशी घोळ घातला. नुकत्याच परतलेल्या एकीला विचारून बसलो, "तुमचंही असंच असतं ना गं?" तिने मान खाली घातली. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. पुस्तक म्हणजे आरसा, हे आपण प्रशिक्षणात ऐकतो; तो चारचौघांत कुणाच्या तोंडासमोर धरायचा नसतो, हे कुणी सांगत नाही. विचारायचं ते गोष्टीतल्या मुलीबद्दल. स्वतःचं सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसऱ्या खुणेपाशी प्रश्न बदलला. "चित्रकाराचं काही चुकलंय का, बघा." प्रत एकच, पोरं बावीस, पुस्तक फिरायला वेळ लागला. त्या परतलेल्या मुलीपाशी आलं तेव्हा तिने चित्रातल्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, बोट ठेवलं.

"सर, कोपीला असलं दार नसतंय. साडी लावतेत."

मग उसाची मोळी. चित्रात ती सुतळीने बांधलेली. "सुतळी कोण देतंय? वाढ्यानंच बांधायची." वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. रुमालाला पीळ देऊन गाठ न मारता टोक आत कसं खोचायचं, तेही तिने दाखवलं.

गाव कधीच न सोडलेल्या एकाने विचारलं, "मग कुत्रं आत येत नाही?"

"येतंय की. म्हणून भाकरी वर टांगायची."

पुढचा गणिताचा तास यातच गेला. 'उचल', म्हणजे तोडीआधी मिळणारे आगाऊ पैसे, हा पगार की कर्ज, यावर दोघं हमरीतुमरीवर आले, तेवढंच काय ते गणित. दुरुस्त चित्र पोरांनी काढलं आणि पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवलं.

वर्गातल्या पुस्तकांच्या पेटीत ऊसतोडीची गोष्ट एकच ठेवतो. बाकी चाळीतल्या, पाड्यावरच्या, कोळीवाड्यातल्या. घरी न्यायला तिने कोळ्याच्या पोराची गोष्ट उचलली आणि दारातूनच मागे वळली.

"सर, होडीत चूल कुठं मांडतेत?"