अंधाधुननंतर काय? कानाने बघायच्या थ्रिलरची यादी, ताजा अपडेट

तर मंडळी, 'अंधाधुन' हा हिंदी थ्रिलर सिनेमा परत बघून झाला, यावेळी चांगले हेडफोन लावून. आणि मग 'याच्यासारखं अजून काय' म्हणून शोधायला गेलं की जे होतं तेच झालं, सगळीकडे तीच ती ट्विस्टवाली यादी, शेवट बघून हादराल वगैरे. मला आता ट्विस्टचा कंटाळा आलाय खरं सांगायचं तर. ट्विस्ट एकदाच चालतो. अंधाधुनमध्ये परत परत बघावंसं वाटतं ते काय, तर तो फ्लॅटमधला सीन, आंधळा असल्याचं नाटक करणारा हिरो आकाश पियानो वाजवतोय आणि त्याच्या मागे तब्बू आणि तिचा तो माणूस प्रेत आवरतायत, तोंडातून शब्द नाही कोणाच्या, आणि पियानो थांबवायची सोय नाही कारण थांबला तर कळणार की याला दिसतं. म्हणजे भीती सगळी बोटांत. तेव्हा ठरवलं की यावेळची यादी अशीच करायची, ज्या गोष्टी कानावर चालतात. स्पॉयलर कुठेही देत नाहीये, बिनधास्त वाचा.

सुरुवात मुळापासून केली. ज्या फ्रेंच शॉर्टफिल्मवरून दिग्दर्शक श्रीराम राघवनला अंधाधुन सुचला ती 'लाकोर्दर', 2010 सालची, जेमतेम तेरा-चौदा मिनिटांची. पियानो ट्यून करणारा माणूस आंधळा असल्याचं नाटक करतो, बस एवढीच गोष्ट. अंधाधुनमधलं पुणं, ती किडनीवाली भानगड, ससा, यातलं काही नाही त्यात, पण मधली ती गाठ जशीच्या तशी आहे. चहा होईपर्यंत बघून होते, अंधाधुन आवडला असेल तर हिच्यापासूनच सुरू करा.

मग आपल्याकडचे दोन. 'इत्तेफाक', 1969 चा, यश चोप्रांचा. राजेश खन्ना आणि नंदा, एक रात्र, एक घर, आणि एकही गाणं नाही! ज्या वर्षी आराधनाची गाणी गल्लोगल्ली वाजत होती त्याच वर्षी त्याच हिरोला घेऊन बिनगाण्याचा सिनेमा काढायचा म्हणजे धाडसच की. मूळ गुजराती नाटक, 'धुम्मस'. नाटकातून आल्यामुळे असेल, पण दाराचा, फोनचा, पावलांचा आवाज फार नेमका वापरलाय, साउंडचं फिल्मफेअर मिळालेलं त्याला. नंदाचा चेहरा सोडून नुसता आवाज ऐका एकदा, कुठे घाबरलीये आणि कुठे घाबरल्यासारखं करतेय हे ओळखायचा खेळ मस्त होतो.

दुसरा 'कौन', 1999, रामगोपाल वर्मा. यातही गाणी नाहीत, तीन माणसं, बाहेर पाऊस, टीव्हीवर खुनी सुटल्याची बातमी आणि दारावर बेल. मनोज बाजपेयी दाराच्या पलीकडून बोलत राहतो ना, इतका नम्र, इतका चिकट, की तो खुनी असो नसो, आपणच वैतागून त्याला मारू असं वाटायला लागतं. बॅकग्राउंड म्युझिक मात्र जास्त झालंय, प्रत्येक वेळी ढँण करायची काय गरज होती. ते नसतं तर पावसानेच काम केलं असतं. तरी उर्मिला मातोंडकरसाठी बघाच.

मराठीतलं काय, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून 'पाठलाग' परत काढला. 1964, दिग्दर्शक राजा परांजपे, काशिनाथ घाणेकर आणि भावना. एका वकिलाची बायको वारलेली, आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई कोर्टात उभी राहून सांगते की मीच याची बायको. वकील नवरा तिची उलटतपासणी घेतो आणि ती अशा अशा गोष्टी सांगते ज्या फक्त त्या दोघांनाच माहीत असणार. याच्यावरूनच हिंदीत 'मेरा साया' आला, 1966 मध्ये. हिंदीत मदन मोहनची गाणी अफाट आहेत, वाद नाही, पण 'या डोळ्यांची दोन पाखरे' रात्री एकटं असताना लावून बघा, प्रेमाचं गाणं आहे की धमकी तेच कळत नाही. मला तरी मराठी जास्त भीतीदायक वाटतं. (घरात यावर भांडण झालंय, निकाल लागलेला नाही.)

आता यावेळचा खरा शोध. 'सॉरी, राँग नंबर', अमेरिकन रेडिओनाटक, 1943, सीबीएस या रेडिओ कंपनीच्या 'सस्पेन्स' या मालिकेतलं. अर्धा तास फक्त. अंथरुणाला खिळलेली एक चिडखोर बाई नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावतेय, लागत नाहीये, आणि क्रॉस कनेक्शन होऊन दोन माणसांचं बोलणं कानावर पडतं, रात्री सव्वाअकराला पुलावरून रेल्वेगाडी जाते, त्या आवाजात बाईची किंकाळी ऐकू जाणार नाही. मग ती ऑपरेटर, पोलीस, हॉस्पिटल, ज्याला त्याला फोन करत सुटते आणि कोणीच धड ऐकून घेत नाही. त्या बाईचं काम करणाऱ्या अ‍ॅग्नेस मूरहेडचा आवाज सुरुवातीला इतका डोक्यात जातो की सहानुभूतीच वाटत नाही, आणि तिथेच ते नाटक आपल्याला पकडतं, कारण आपणही त्या ऑपरेटरसारखेच वागत असतो. दिवे घालवून, एका बैठकीत ऐका. 1948 मध्ये याचा सिनेमा झाला, बार्बरा स्टॅनविक चांगली आहे, पण गोष्ट ताणायला फ्लॅशबॅक घातलेत आणि सगळे चेहरे दिसायला लागल्यावर अर्धी मजा गेली.

तिथून सरळ 'द गिल्टी' वर उडी मारली, डॅनिश, 2018 चा. इमर्जन्सी कॉल घेणारा एक पोलीस, एका बाईचा फोन येतो, ती गाडीत आहे आणि शेजारच्याला कळू नये म्हणून मुलीशी बोलल्यासारखं बोलतेय. कॅमेरा त्या ऑफिसच्या बाहेर पडतच नाही. वायपर, इंडिकेटर, रस्त्यावरचा पाऊस, एवढ्यावर आपण डोक्यात अख्खा हायवे उभा करतो आणि पुढे आपणच उभं केलेलं आपल्याला फसवतं. हॉलिवूडने 2021 मध्ये जेक जिलेनहालला घेऊन परत केलाय, पण तो फार आरडाओरडा करतो, डॅनिशच बघा.

'द कॉन्व्हर्सेशन' अर्धा झालाय. 1974, कोपोला, जीन हॅकमन चोरून बोलणं रेकॉर्ड करणारा माणूस, गर्दीच्या चौकात फिरणाऱ्या जोडप्याची टेप परत परत साफ करतोय आणि तेच एक वाक्य दरवेळी वेगळं वाटतंय. संथ आहे, झोपताना लावू नका. पुढच्या वेळी यावर नीट लिहीन, सोबत 'ब्लो आउट' हा सिनेमा पण घ्यायचाय.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ऑडिओवर ऐकायला घेतल्यात, पण वाचणाऱ्यावर फार अवलंबून असतं, काही जण घाबरवायचं ठरवूनच वाचतात आणि सगळा घोळ करतात. सपाट, बातम्या दिल्यासारखं वाचणारं कोणी माहीत असेल तर सांगा. आणि आकाशवाणीच्या जुन्या रहस्य श्रुतिका घरच्या कॅसेटवर कोणी टेप करून ठेवल्या असतील तर प्लीज फेकू नका, आधी मला विचारा.