जुन्या एअर रायफलचा शिसमी दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग): तेल काढण्यापासून तेल चढवण्यापर्यंत

रायफल .१७७ ची, देशी बनावटीची, बॅरल (नळी) बिजागरीवर खाली मोडून छर्रा भरायची, स्प्रिंगवाली. लोखंड ठणठणीत आहे, दुखणं सगळं लाकडाचं. मुठीमागे तिरकी चीर, पुढच्या दोन स्क्रूंची भोकं चेपून लांबट झालेली, गालाच्या बाजूला पोचे, आणि या सगळ्यावर कुणीतरी ब्रशनं थापलेलं जाड वॉर्निश. बोअर (नळीचं आतलं माप) .१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी आणि ताकद २० ज्यूलच्या आत, म्हणून परवान्याची भानगड नाही. परवान्याचं हत्यार असेल तर ते घरी खोलत बसू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

बॅरल मोडून आत छर्रा नाही याची खात्री केली, पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचे दोन स्क्रू काढले की दस्ता सुटा होतो. तिथंच थांबायचं. यंत्राच्या मागच्या पिनांना हात लावायचा नाही, आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्क्रू पुठ्ठ्यावर जागेप्रमाणे टोचून ठेवले तर जोडताना गोंधळ होत नाही.

वॉर्निश कसलं आहे ते कापसाच्या बोळ्यावर कळतं. स्पिरिटनं चिकट झालं तर चपडा (लाखेचं पॉलिश), एनसी थिनरनं (लॅकर पातळ करायच्या द्रावणानं) विरघळलं तर लॅकर. इथं दोन्हींनी काही झालं नाही, म्हणजे पॉलियुरेथेन किंवा तशाच जातीचं काहीतरी. पेंट रिमूव्हर लावून दहा-पंधरा मिनिटांत फुगल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीनं ओढून काढलं. हातमोजे हवेत, काम उघड्यावर हवं. चेकरिंगमध्ये (पकडीसाठी कोरलेल्या तिरक्या रेषांत) पट्टी घालू नका, जुना टूथब्रश पुरतो.

खरं काम यानंतरचं. स्प्रिंगवाल्या रायफलीत वर्षानुवर्षं तेल सोडलं जातं आणि ते सगळं लोखंड बसतं त्या खाचेतून लाकडात उतरतं. आतली बाजू काळपट, हाताला ओशट लागते. अशा लाकडावर अरल्डाइट धरत नाही. आज चिकटल्यासारखं वाटतं आणि शंभर-दोनशे छर्ऱ्यांनंतर चीर त्याच रेषेत पुन्हा उघडते. चिकटवलेले दस्ते परत फुटतात त्यात बहुतेक वेळा दोष गोंदाचा नसतो, तेलाचा असतो. उपाय स्वस्त आहे: चॉक पावडर एनसी थिनरमध्ये कालवून श्रीखंडाइतकी घट्ट करायची आणि खाचेत, चिरेवर चार-पाच मिमी जाड लिंपायची. थिनर आत जाऊन तेल सैल करतो, उडून जाताना ते पावडरीत ओढून आणतो. वाळलेला थर पिवळा-तपकिरी निघतो. तो झाडून पुन्हा लिंपायचं, थर पांढराच्या पांढरा निघेपर्यंत. दोन लेपांच्या मध्ये, थिनरचा वास पूर्ण गेल्यावरच, हेअर ड्रायरनं लाकूड कोमट केलं तर खोलवरचं तेल वर येतं. शेवटी पाण्याचा एक थेंब टाकून बघायचं. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे, पसरून मुरला तर लाकूड तयार.

पोचे, चीर चिकटवण्याच्या आधी काढायचे. क्रम उलटा केला तर इस्त्रीच्या उष्णतेनं अरल्डाइट मऊ पडतं आणि जोड सरकतो. सुती फडकं ओलं करून पोच्यावर ठेवायचं, वर गरम इस्त्री पाच-सात सेकंद, पुन्हा ओलं, पुन्हा इस्त्री. दबलेले तंतू वाफेनं फुगून वर येतात. तुटलेले तंतू येत नाहीत, त्यामुळे धारदार कडेनं बसलेली खाच घासूनच कमी करावी लागते किंवा तशीच ठेवावी. आम्ही गालाजवळच्या दोन तशाच ठेवल्या. स्पर्धेच्या रायफलींना गालपट्टी वरखाली करायची सोय असते, इथं ती नाही. घासून गालाखालचं लाकूड दीड-दोन मिमी खाली गेलं की डोळा साईटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) रेषेत बसत नाही.

चीर पूर्ण सुकल्यावर बांबूची पातळ काडी घालून केसभर उघडली. अरल्डाइटच्या दोन्ही ट्यूब समप्रमाणात कालवून ड्रायरनं किंचित गरम केलं, पातळ झालं की सिरिंजनं आत. गरम केल्यावर ते लवकर घट्ट होतं, म्हणून सिरिंज आधीच हाताशी ठेवायची. काडी काढून वर पॉलिथिन आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. मुठीच्या गोलाईवर शिकंजा नीट बसत नाही, ट्यूब मात्र सगळीकडून सारखा दाब देते. बाहेर आलेलं अरल्डाइट ओलं असतानाच थिनरच्या फडक्यानं पुसायचं. चोवीस तासांनी चिरेला आडवं जाईल असं ४.५ मिमीचं भोक पाडून त्यात आटे असलेली ४ मिमीची पितळी सळई अरल्डाइटसह बसवली. सळईला कानशीनं लांबीभर एक खाच मारायला विसरू नका. नाहीतर भोकात कोंडलेली हवा आणि गोंद लाकूड आतून फाडतात.

पुढच्या स्क्रूंना कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पितळी बुश (भोकात बसणाऱ्या नळ्या) करून घेतले: बाहेरून १० मिमी, आतून स्क्रूपेक्षा अर्धा मिमी मोठे. लांबी व्हर्नियरनं मोजून भिंतीच्या जाडीइतकीच. जास्त झाली तर दस्ता डुलतो, कमी झाली तर लाकूड पुन्हा चेपतं. स्प्रिंगवाली रायफल आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी धक्का मारते, त्यानं हे स्क्रू ढिले होतात आणि नेम सरकतो. लोक मग साईटला दोष देतात.

घासताना बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी) जागेवरच ठेवा, म्हणजे कडा गोल होत नाहीत. पॉलिश पेपर गुटक्यावर ताणून १२०, १८०, २२०, ३२०, नेहमी रेषेच्या दिशेनं. जिथं लोखंड लाकडाला भिडतं तिथं फक्त ३२०, तेही हलक्या हातानं. मग ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्यायचं, उभी राहिलेली लव ३२० नं कापायची, आणि हे दोनदा. शिसमाची पूड नाकाला झोंबते, मास्क लावा.

आता तेल. पेंटच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड जवस तेलच घ्या. खाण्याचं जवस तेल आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. शिसम मात्र लहरी आहे. त्याच्या अंगातली द्रव्यं तेलाला वाळू देत नाहीत, म्हणून आधी खाचेत एक बोट तेल लावून दोन दिवस थांबायचं. आमचं चिकटच राहिलं. मग तेवढा भाग टर्पेंटाइननं पुसून सगळ्या लाकडाला मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात दिला, १०० मिलि स्पिरिटला १२ ग्रॅम, आणि त्यावर तेल. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पुढचे नुसत्या तेलाचे, थेंबाथेंबानं तळव्यानं चोळून. वीस मिनिटांनी वर उरलेलं सगळं पुसून टाकायचं. जाड हात वरून साय धरतो आणि आत ओला राहतो. तसं झालंच तर टर्पेंटाइन आणि बारीक स्टील वूलनं काढून पुन्हा. एरवी दोन हातांच्या मध्ये एक दिवस पुरतो, कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत तीनही कमी पडतात. जमलं तर हे काम दिवाळीनंतर काढावं.

बटप्लेटखालचा आडवा काप आणि खाचेची आतली बाजू कोरडी सोडू नका, पावसाळ्यात दमट हवा तिथूनच शिरते. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ती तापून आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर मोकळी पसरा.

सध्या चार हात झालेत, रंग गडद चॉकलेटी आलाय, चमक कमी आहे आणि तशीच ठेवायची आहे. चेकरिंग बाकी: ६० अंशांच्या तिकोनी कानशीनं जुन्या रेषा मोकळ्या करून फक्त पातळ केलेलं तेल. मग जोडणी, पुढच्या स्क्रूंना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा गोंद), दोन्ही बाजू आलटून-पालटून थोड्या-थोड्या आवळत. १० मीटरवर पाच-पाच छर्ऱ्यांचे गट मारून नेम टिकतो का ते पुढच्या नोंदीत.